निळ्या माशाची हमी

संतोष: …आणि हे पाणी कालचं नाही, काकू, आज सकाळचंच आहे. बाटली उकळत्या पाण्यानं धुतली, काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि वाघोलीपासून इथपर्यंत मांडीवर धरून आणली.

सरोजिनी: मांडीवर? मोटरसायकल चालवत?

संतोष: बसनं आलो ना. गाडीवर हिंदकळलं असतं.

सरोजिनी: बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो. गिऱ्हाइकांनी फार वेळ बसू नये म्हणून आमच्या ह्यांनी तो तसाच ठेवला होता. इकडे खुर्चीवर बसा. स्वराली, अगं बाहेर ये. वाघोलीचे संतोष आलेत. पाणी तपासून हवंय त्यांना.

स्वराली: आले हं आई, कोपरापर्यंत मिठाच्या पाण्यात आहेत हात. … हं, बोला संतोष. टँक कसा चाललाय?

संतोष: निळा गेला, मॅडम.

स्वराली: अरेरे. म्हणजे दुसराही?

संतोष: तिसरा. एक उन्हाळ्यात नेला होता, एक गणपतीच्या दिवसांत, आणि हा दसऱ्याच्या आधी.

सरोजिनी: हा मीच दिला होता. आठवतंय मला. चिमूटभर खाणं तुमच्या हातानं टाकायला लावलं होतं. पाण्यात पडतंय न पडतंय तोच त्यानं उचललं.

संतोष: हो ना. तुम्ही म्हणाल्या होत्या, या दुकानात खाताना पाहिल्याशिवाय मासा पिशवीत पडत नाही.

सरोजिनी: नाहीच पडत. ह्यांनी घालून दिलेली पद्धत आहे. ते गेले, पण पद्धत तीच आहे. कुणाला घाई असली तर ते सरळ सांगायचे, पुढच्या गल्लीत न खाणारे मासे मिळतात, तिकडे जा.

संतोष: घरीही मस्त खात होता, काकू. मेला त्याच्या आदल्या दिवशीही खाल्लं त्यानं. तेच तर समजून नाही राहिलं.

स्वराली: द्या ती बाटली. लाइट्स किती वेळ ठेवता?

संतोष: तुम्ही सांगितले तेवढेच. टायमर लावला आहे.

स्वराली: लोडशेडिंगमध्ये पंप?

संतोष: इन्व्हर्टरवर. घरातला पंखा नाही इन्व्हर्टरवर, पण माशांचा पंप आहे. बायको म्हणते, मीही पाण्यात जाऊन बसते.

सरोजिनी: बरोबर आहे तिचं.

स्वराली: हे बघा, यात थेंब टाकलेत. हिरवं झालं तर वाईट. पिवळं राहिलं तर चांगलं. थोडं थांबायचं.

संतोष: …पिवळंच आहे.

स्वराली: पिवळंच. खारटपणाही बरोबर आहे. पाणी उत्तम आहे, संतोष. खरं सांगायचं तर आमच्या टँकपेक्षा चांगलं आहे.

संतोष: वाईट निघालं असतं तर बरं झालं असतं.

सरोजिनी: असं का म्हणता?

संतोष: मग काय चुकलं ते तरी कळलं असतं. दिवसभर ऑफिसात मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामातल्या चुका शोधतो, काकू. चूक सापडली की माणूस निवांत होतो. ही सापडून नाही राहिली.

स्वराली: निळा टँग मुळात सेन्सिटिव्ह असतो. जागा बदलली की स्ट्रेस घेतो. तुमची काही चूक असेलच असं नाही.

संतोष: तीन वेळा कसा घेईल, मॅडम? आमच्याकडं वाशिमला समुद्र कुठला? मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो इथं, तुमच्या आतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांच्या खोलीत. खरा नंतर पाहिला, कंपनीची सहल गेली होती कोकणात. करडं पाणी आणि किनाऱ्यावर भेळेचे कागद. मी मित्राला म्हटलं, हा नव्हे बाप्पा, समुद्र तिकडं कसब्यात आहे.

सरोजिनी: कसब्यातला समुद्र! ह्यांना आवडलं असतं हे. दाराबाहेर लिहून ठेवलं असतं.

संतोष: म्हणून मनाला लागतं. आपण त्याला तिथून आणतो, आपल्या काचेत ठेवतो, त्याला निदान जगवणं तरी आपल्याकडून व्हायला पाहिजे.

सरोजिनी: बाकीचं काय काय आहे तुमच्या टाकीत?

संतोष: जोकर आहेत ना, ते पट्ट्यापट्ट्याचे दोघं. एकदम ठणठणीत. मी काचेजवळ गेलो की पुढं येतात, भांडल्यासारखे. आणि मॅडमनी तो मऊ प्रवाळाचा तुकडा दिला होता, बटणासारखी तोंडं असलेला. तो तर सगळ्या दगडावर पसरला.

सरोजिनी: त्याच पाण्यात?

संतोष: त्याच पाण्यात. टाकी एकच आहे, काकू.

सरोजिनी: आणि खाणं?

संतोष: तेच. सगळ्यांना एकच डबी.

सरोजिनी: हं.

स्वराली: संतोष, तुम्हाला हवं तर पुढच्या वेळी मी एखादा लहान साइजचा निळा काढून ठेवते. लहान असला की जागा मानवते त्याला.

संतोष: नको, मॅडम. चौथा मागायला नाही आलो. विचारायला आलो. माझ्या हातात दोष असला तर तोंडावर सांगा, मला राग नाही यायचा. मी टाकी बंद करतो. जोकर इथं आणून देतो, तो तुकडाही आणतो. दुसऱ्याकडे जगतील तरी.

सरोजिनी: कसब्याच्या गणपतीला जाऊन आलात का?

संतोष: नाही अजून. सरळ इथंच आलो.

सरोजिनी: मग जाऊन या. बाटली राहू द्या इथे. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर आल्यावर देते.

(संतोष बाहेर जातो. दोघीच उरतात.)

सरोजिनी: हात पूस आणि बस जरा.

स्वराली: आई, आत खूप काम आहे. उद्या सकाळी मुंबईहून मच्छिंद्रशेठची कन्साइनमेंट येतेय. टाक्या रिकाम्या करायच्यात.

सरोजिनी: त्याबद्दलच बोलायचंय. जोकर आपल्याकडे कुठून येतात?

स्वराली: तुम्हाला माहितीये की. दक्षिणेतून. हौदात पैदास केलेले असतात. आईबापही हौदातलेच.

सरोजिनी: आणि निळे?

स्वराली: मच्छिंद्रशेठकडून.

सरोजिनी: ते मला कळतं, खोक्यावर त्यांचं नाव असतं. मच्छिंद्रशेठकडे कुठून येतात?

स्वराली: बाहेरून. पूर्वेकडच्या बेटांवरून. निळा अजून कुणालाच हौदात वाढवता आलेला नाही. जगात जिथे कुठे निळा टँग आहे ना, तो समुद्रातूनच धरलेला आहे.

सरोजिनी: धरतात कसा?

स्वराली: कसा म्हणजे? पाणबुडे असतात.

सरोजिनी: पाणबुड्याच्या हातात काय असतं, ते विचारतेय.

स्वराली: …काहींच्या हातात जाळं असतं.

सरोजिनी: आणि काहींच्या?

स्वराली: आई, सगळे तसे नसतात.

सरोजिनी: मच्छिंद्रशेठचे कसे आहेत?

स्वराली: मी विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, ताई, तुम्ही मासा घ्या, त्याची जन्मपत्रिका कशाला मागता.

सरोजिनी: मोठा विनोदी माणूस. पुढे सांग.

स्वराली: हा मासा प्रवाळाच्या फटींत लपतो. जाळ्यानं काढायचा तर वेळ जातो, दिवसभरात थोडेच मिळतात. म्हणून मग बाटलीत विष कालवून नेतात. सायनाइड. फटीत पिचकारी मारतात. मासा झिंगतो, बाहेर तरंगत येतो, की उचलायचा. ज्या प्रवाळावर पिचकारी मारली तो पांढरा पडतो. परत काही त्याचं होत नाही.

सरोजिनी: आणि झिंगलेला मासा?

स्वराली: चांगल्या पाण्यात टाकला की शुद्धीवर येतो. पोहतो. रंगही परत येतो.

सरोजिनी: खातो?

स्वराली: खातो.

सरोजिनी: आणि मग?

स्वराली: आतून खराब झालेला असतो. काही दिवस जगतो. कधी कधी महिनाभरही काढतो. मग एके दिवशी सकाळी…

सरोजिनी: म्हणजे इथे खातो आणि त्यांच्याकडे मरतो.

स्वराली: सगळेच मरत नाहीत.

सरोजिनी: तू ही खोली सुरू केलीस तेव्हा आलेला मासा निदान महिनाभर मागच्या टाकीत ठेवायचीस. मला कौतुक वाटायचं. मी शेजारच्या गोडबोल्यांना सांगितलंही होतं, आमची सून माशालाही माहेरपण करते. मग ते बंद का केलंस?

स्वराली: जागा लागते, आई.

सरोजिनी: स्वराली.

स्वराली: …मागच्या टाकीतच मरायचे ते. तुम्ही पूजेला बसलात की मी काढायचे आणि कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचे. रोज नाही, पण बऱ्याचदा. मग मला ते बघवेना. म्हटलं, खायला लागला की देऊन टाकावा. कुणाच्या तरी घरी कदाचित जगेल.

सरोजिनी: आणि खातो की नाही, ते मी बघून सांगत होते.

स्वराली: तुम्हाला यात ओढायचं नव्हतं मला.

सरोजिनी: ओढायचं काय राहिलंय? गल्ल्यावर मी बसते. ह्यांनी ती पद्धत कशासाठी घातली माहीत आहे? गोल्डफिशला काही झालं की तो आधी खाणं सोडतो. खाणारा मासा म्हणजे धडधाकट मासा. इतकी वर्षं त्यात कधी फसगत झाली नाही. शाळकरी मुलगा आला तरी हे त्याला काचेपुढे उभं करायचे आणि म्हणायचे, बघ, खातोय, आता घेऊन जा. तेच मी त्या माणसाला म्हणाले. बघा, खातोय. आणि मला वाटलं, मी फार सचोटीनं वागले.

स्वराली: मी काहीच बघत नाही असं समजू नका. मच्छिंद्रशेठ जिवंत खडक पाठवायला निघाले होते, आपल्याच समुद्रातून फोडलेला, वर कडक प्रवाळ असलेला. मी सरळ नाही म्हटलं. तो आपल्याकडे कायद्यानं बंद आहे.

सरोजिनी: बंद नसता तर?

स्वराली: …बंद आहे ना.

सरोजिनी: उद्या किती मासे येतायत?

स्वराली: थवा आहे, आई. खराडीच्या कंपनीची ऑर्डर आहे. रिसेप्शनच्या मागे अख्खी काचेची भिंत करतायत. सगळे निळेच हवेत त्यांना.

सरोजिनी: निळेच का?

स्वराली: कंपनीचा लोगो निळा आहे.

सरोजिनी: मग भिंतीला रंग लावा म्हणावं. रंग मरत नाही, उडाला तर परत लावता येतो.

स्वराली: तुम्हाला बोलायला सोपं आहे. या एका कामावर पुढची सगळी कामं आहेत. तिथला टँक बघून दुसऱ्या कंपन्या बोलावतील. मी नोकरी सोडली तेव्हा तुमच्या मुलानं काय म्हटलं ते आठवतंय ना? मासे विकायला इंजिनिअर झालीस का. दर रविवारी कॉम्प्युटरवर बसला की पहिला प्रश्न, व्हिसाच्या कागदांचं काय झालं. आणि मी दर रविवारी सांगते, आमोद, खोली आत्ता कुठे उभी राहतेय, थोडा वेळ दे. हे काम गेलं की खोली गेली. नुसत्या जोकरांवर पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचं बिलसुद्धा निघत नाही. मग त्याला कारण काय सांगू? मी डॅलसला न येता पुण्यात काय करतेय?

सरोजिनी: ठाऊक आहे मला.

स्वराली: काय ठाऊक आहे?

सरोजिनी: खोली गेली की तू जाशील, हे. म्हणूनच नाही विचारलं आजवर. पिशवीतल्या कागदांच्या पुड्या मला दिसत नव्हत्या असं का वाटलं तुला? उन्हाळ्यापासून मनात होतं. म्हटलं, विचारलं तर उत्तर मिळेल, आणि उत्तर मिळालं तर घरात मी एकटी राहीन. सकाळी आतून पंपांचा आवाज येतो, तू गाणं गुणगुणत टाक्या पुसतेस. त्याची सवय झाली मला.

स्वराली: …मग आज का विचारलंत?

सरोजिनी: तो माणूस बाटली मांडीवर धरून आला म्हणून.

स्वराली: आपण नाही घेतले तर दुसरं कुणीतरी घेईल. खराडीची भिंत निळी व्हायची ती होणारच. आपल्या एका खोक्यानं समुद्र वाचणार आहे का?

सरोजिनी: नाही वाचणार.

स्वराली: मग?

सरोजिनी: तुझे सासरे तरुणपणी संगमाच्या खाली जायचे, मलमलीचं फडकं घेऊन. तेव्हा नदीत लहान मासे होते, काचेसारखे, आरपार दिसायचे. आतला काटा मोजता यायचा. सुट्टी लागली की मुलं हॉर्लिक्सच्या बाटल्या घेऊन दारात उभी. या पेठेत असं घर नव्हतं ज्याच्या खिडकीत आमची बाटली नव्हती. पुढे फडक्यात कमी यायला लागले. मी नवी लग्न होऊन आलेली, तरी म्हणाले, एखादं वर्ष जाऊ नका. ते म्हणाले, वरून गावाची गटारं येतात, कारखान्यांचं पाणी येतं, माझ्या फडक्यानं काय फरक पडणार आहे? बरोबरच होतं त्यांचं. पडला नसताच. ते जात राहिले. एके वर्षी नुसता चिखल आला फडक्यात. त्यांनी सोडलं नाही, हं. नदीनं सोडलं.

स्वराली: मला कधी सांगितलं नाहीत हे.

सरोजिनी: तेही कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर स्वतःचं बरोबर होतं असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. दुकानात एखादा म्हातारा गिऱ्हाईक विचारायचा, अनंतराव, ते काचेचे मासे नाहीत का हो आता? तर हे आत निघून जायचे. उत्तर मी द्यायचे.

स्वराली: तुमचं म्हणणं काय, आई? खोली बंद करू?

सरोजिनी: खोली तुझी आहे. त्या बटणांच्या तुकड्याचं तू कलम करतेस, जास्वंदीची फांदी द्यावी तसं एकाला देतेस, त्याचं वाढलं की तो दुसऱ्याला देतो. ते मला आवडतं. जोकर आवडतात. तेवढ्यानं खोली चालते की नाही, ते मला कळत नाही. तू म्हणतेस नाही चालत, तर नसेल चालत.

स्वराली: नाही चालत.

सरोजिनी: मग नाही चालत. पण त्या माणसाला मी आता सांगणार आहे.

स्वराली: थांबा, आई. आज नको. कन्साइनमेंट येऊ दे, काम होऊ दे, मग मी स्वतः…

सरोजिनी: तो टाकी बंद करायला निघालाय. स्वतःचा हात वाईट आहे असं समजून.

स्वराली: चार लोकांत बोलेल तो. त्यांचा इंटरनेटवर ग्रुप आहे. सगळे पुण्यातले टँकवाले आहेत त्यात.

सरोजिनी: बोलू दे.

संतोष: येऊ का काकू? प्रसाद आणला तुमच्यासाठी. आज गर्दी नव्हती, अगदी समोर उभं राहायला मिळालं.

सरोजिनी: या. बसा. प्रसाद द्या इकडे. संतोष, तुमच्या हातात काही दोष नाही.

संतोष: बरं वाटावं म्हणून नका म्हणू.

सरोजिनी: बरं वाटावं म्हणून बोलण्याची मला सवय नाही, कुणालाही विचारा या गल्लीत. मासे विषाचे होते. धरताना त्यांना विष घालतात, म्हणजे मग ते सहज हाताशी येतात. इथे येईपर्यंत शुद्धीवर आलेले असतात, खातात, पोहतात, आणि पुढे घरी गेल्यावर मरतात. तुम्ही काहीही केलं असतंत तरी मेलेच असते. तिन्ही.

संतोष: …तिन्ही?

सरोजिनी: पहिल्याचं छातीठोक नाही सांगत. पण तुमच्या पाण्यात जोकर जगलेत, तो तुकडा पसरलाय. पाण्याचा दोष नाही, खाण्याचा नाही, तुमचा नाही.

संतोष: मॅडम, तुम्हाला माहीत होतं?

स्वराली: नक्की माहीत नव्हतं. म्हणजे… पुरावा नव्हता माझ्याकडे.

संतोष: पण माहीत होतं.

स्वराली: हो.

संतोष: मघाशी पाणी तपासताना पण माहीत होतं?

स्वराली: हो.

संतोष: आणि मी विचारून राहिलो, पिवळं का हिरवं.

सरोजिनी: रागवा हवं तर. गल्ल्यावर मी बसते, खाताना दाखवला तोही मीच. हमी माझी होती.

संतोष: राग नाही, काकू. म्हणजे येईल, उद्यापरवा येईल. आत्ता माझ्या डोक्यात दुसरंच आलं.

सरोजिनी: काय?

संतोष: पहिला निळा मेला ना, तेव्हा मी लेकीला रागावलो होतो. दुसरीत आहे. तिला फार नाद होता त्याचा, शाळेतून आली की दप्तर न उतरवता टाकीपुढे. मी म्हटलं, तूच जास्त खायला टाकून राहिली, म्हणून मेला. मला खरंच तसं वाटलं होतं. दुसरं कारणच नव्हतं ना.

सरोजिनी: मग?

संतोष: मग ती टाकीजवळ जाणंच सोडून बसली. आता शाळेतून आली की स्वयंपाकघरात आईजवळ बसते, त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही. दुसरा मेला तेव्हा मला म्हणाली, बाबा, या वेळी तर मी लांब होते.

स्वराली: …काय म्हणालात तुम्ही?

संतोष: मॅडम, मी म्हटलं, जा, अभ्यासाला बस. तिसरा मेला ते तिला अजून सांगितलं नाही. टाकीवर टॉवेल टाकून आलो.

सरोजिनी: नाव काय तिचं?

संतोष: मुक्ताई. माझ्या आजीचं नाव ठेवलं.

सरोजिनी: आत्ता घरी आहे?

संतोष: आहे. पण माझं नाही ऐकायची. तिला वाटेल, बाबा समजूत काढतात. काकू, तुम्ही सांगाल का तिला? तुम्हाला मानते ती. मासेवाल्या आजी म्हणते.

सरोजिनी: लावा फोन. आणि मला द्या, ते बटण कुठलं दाबायचं ते तुम्हीच बघा.

संतोष: हॅलो, अगं मीच. मुक्ताईला दे. … मुक्ते, या आजींशी बोल. हो, त्याच. घ्या काकू.

सरोजिनी: मुक्ताई? मी दुकानातली आजी. जेवलीस का? … भेंडी? बरं. तुला एक सांगायचंय. तुमचा निळा मासा मेला ना उन्हाळ्यात, तो तुझ्या खायला घालण्यानं नाही मेला. … नाही गं. तो आमच्याकडे आला तेव्हाच आजारी होता. … आजारी म्हणजे, ज्यांनी धरला त्यांनी त्याला औषध घातलं होतं, वाईट. … हो, दुसराही. आणि तिसरासुद्धा. बाबा सांगतील घरी आल्यावर, त्यांना जमलं नाही सांगायला. … तू दोन चिमटी घातल्यास काय नि एक घातलीस काय. … मी खोटं कशाला बोलेन? … आम्हाला कसं कळलं नाही, असं विचारते ही.

स्वराली: आई, फोन माझ्याकडे द्या.

सरोजिनी: घे.

स्वराली: मुक्ताई, मी स्वरालीमावशी. ते बटणाचं फूल दिलं होतं ना तुमच्या टाकीसाठी, ती. … आजी म्हणतायत ते खरं आहे. आजींना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. … तेव्हाच सांगायला हवं होतं, हो. … बाबांनाही नव्हतं सांगितलं. … नाही, आता नाही आणणार. उद्या बरेच येणार होते, त्यांना मी आत्ता फोन करून नको म्हणून सांगते, तुझा फोन ठेवला की लगेच. … दुकानात आहेत अजून थोडे. … नाही विकणार, इथेच राहतील. … ते नाही सांगता येत, बाळा. काही जगतील, काही नाही जगणार. … ये ना बघायला, दिवाळीच्या सुट्टीत बाबांबरोबर ये. तुमचे जोकर तुझी वाट बघत असतील, आधी त्यांच्याकडे जा. … मी? मी असेन की नाही, ते आता माहीत नाही. आजी असतील. आजी इथेच आहेत.